‘पाखलो’ म्हणतात, म्हणून केस काळे करून दे म्हणतो

ताई, नमस्कार.

आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत शिकतो. त्याचे केस जन्मापासून तांबडे. पिंगट-बिंगट नव्हे, घासलेल्या तांब्यासारखे. वर्ण गोरा, नाकावर बारीक ठिपके. माझ्या आईच्या एका काकांचे केस असेच होते म्हणतात, पण फोटो कुणाकडे नाही.

शाळेत आणि बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, मुलं त्याला ‘मेंदी’ आणि ‘पाखलो’ (गोरा पोर्तुगीज) म्हणतात. दिवाळीत वाड्यावरच्या पोरांनी नरकासुराच्या पुतळ्याला काथ्याचे केस लावले आणि याला शेजारी उभं करून ‘मॅचिंग, मॅचिंग’ म्हणत फोटो काढले. त्या रात्री त्याने आजोबांच्या कलपाची पुडी वाटीत कालवून स्वतःच डोक्याला फासली. सकाळी उशीचा अभ्रा काळा आणि कानामागे लाल चट्टा. आता म्हणतो, केस काळे करून दे, नाहीतर शाळेत जाणार नाही.

सासूबाई म्हणतात, चकोट करा आणि माक्याचं तेल लावा, नवे केस काळे येतील. हे तुमच्या माहेरचं आलंय, असंही म्हणतात. आमचे हे म्हणतात, एवढं काय, आम्हालाही चिडवायचे. पण सलूनवाल्याने ‘हो कोणाचेर गेला?’ असं चारचौघांत विचारलं की मोबाइलमध्ये बघत बसतात. पीटीचे सर त्याला लाडाने ‘फॉरेनर’ अशी हाक मारतात. त्यात 19 डिसेंबरच्या, गोवा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमातल्या नाटुकल्यात बाईंनी त्याला पोर्तुगीज शिपायाचं काम दिलंय. म्हणाल्या, ‘याला विग लागणार नाही.’

‘पाखलो’ म्हणण्यामागे काय असतं ते त्याला अजून कळत नाही. मला कळतं. केस रंगवू का? शाळा बदलू का?

— एक आई, डिचोली

प्रिय आई,

आधी तो कानामागचा चट्टा. अजून लाल असेल, खाजत असेल किंवा पाणी सुटत असेल तर बाकीचं वाचायचं सोडून डॉक्टरांकडे जा, आणि जाताना कलपाची रिकामी पुडी बरोबर न्या. काळ्या कलपात बहुधा पॅरा-फिनिलिन-डायअमिन नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी एकदा अंगात बसली की सहसा जन्मभर सुटत नाही, आणि दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा जोरात उठू शकते. युरोपात असल्या कलपांच्या खोक्यांवर ‘16 वर्षांखालच्यांसाठी नाही’ असा इशारा छापावाच लागतो. बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून जे मिळतं त्यातही पुष्कळदा हेच रसायन असतं, कारण खऱ्या मेंदीने केस काळे होत नाहीत, तांबडेच होतात. तेव्हा ‘नैसर्गिक आहे हो’ म्हणून कुणी काही आणून दिलं तर गोड बोलून परत करा.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. तब्येतीचं कारण बाजूला ठेवलं तरी नाहीच. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. आज काळे केलेत तर तीन आठवड्यांत भांगात तांबडी रेघ दिसेल आणि मुलांना नवीन विषय मिळेल. पुढे मोठा झाल्यावर, अठराव्या-विसाव्या वर्षी, त्याला हौस वाटली तर करू दे निळे नाहीतर काळे. तेव्हा ती हौस असेल. आज ते लपणं होईल.

सासूबाईंच्या माक्याच्या तेलाला माझा विरोध नाही. डोकं थंड राहील, आजीचा हात फिरेल, तेही चांगलंच. पण केसाचा रंग मुळाशी, कातडीच्या आत ठरतो. बाहेरून तेल लावा नाहीतर डोकं भादरा, आतून यायचे ते तांबडेच येणार. आणि चकोट करूच नका. आपल्याकडे मुलाचं डोकं कधी भादरतात ते वर्गातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. ‘कोण गेलं रे?’ हा प्रश्न त्याला दिवसभर पुरेल.

आता हे केस आले कुठून. माणसाच्या केसांत दोन प्रकारची रंगद्रव्यं असतात. युमेलॅनिन काळं-तपकिरी, फिओमेलॅनिन तांबूस-पिवळं. कोणतं किती बनवायचं यात 16 व्या गुणसूत्रावरच्या एमसीवनआर नावाच्या जनुकाचा मोठा हात असतो. 1995 साली शास्त्रज्ञांनी त्याचा आणि तांबड्या केसांचा संबंध दाखवून दिला. जगात असे केस साधारण एक-दोन टक्के लोकांचे असतात, सगळ्यांत जास्त स्कॉटलंड आणि आयर्लंडात. आपल्याकडे हे फारच दुर्मीळ, म्हणून त्वचेचे डॉक्टर कदाचित दुसरीही एक शक्यता तपासतील. अल्बिनिझमच्या, म्हणजे जन्मतःच अंगात रंगद्रव्य कमी असण्याच्या, काही प्रकारांत केस पांढरे न होता तांबूस होतात. मात्र दोन्ही बाबतींत, बहुतेक वेळा, मुलाला हा वारसा आईकडून एक आणि बापाकडून एक असा दोन्हीकडून मिळावा लागतो. एकाच बाजूने मिळाला तर तो आत दडून राहतो, पिढ्यान्‌पिढ्या दिसतही नाही.

हे सासूबाईंना नीट सांगा. भांडण म्हणून नको, पण सांगाच. तुमच्या आईच्या काकांकडून एक धागा आला असेल, तर दुसरा तुमच्या सासरच्या घराण्यातून आलेला असणार. माहेरचं एकटीचं यात काही नाही.

पत्र वाचताना मला एक गोष्ट खटकली. तुम्ही चिडवणाऱ्या मुलांबद्दल लिहिलंत, सरांबद्दल, बाईंबद्दल लिहिलंत. पण घरात त्या मुलाशी त्याच्या केसांबद्दल कोण काय बोलतं, याची एक ओळही नाही. सासूबाई तुमच्याशी बोलतात, तुम्ही माझ्याशी बोलता, तुमचे यजमान कुणाशीच बोलत नाहीत. मुलगा हे सगळं पाहत असतो. नऊ वर्षांच्या मुलाला कुजबूज बरोबर कळते. ज्या गोष्टीवर घरातली मोठी माणसं आवाज खाली आणतात, तीत काहीतरी लाजेचं असणार असा हिशेब तो मांडतो. मग बाहेर कुणी तेच नाव घेऊन ओरडलं की त्याच्याकडे उत्तर नसतं, कारण घरानेच दिलेलं नसतं.

सलूनमधला प्रसंग घ्या. खुर्चीवर फळी टाकून मुलगा बसलाय, गळ्याभोवती कापड, समोर आरसा. आरशात त्याला मागच्या बाकावरचे चार लोक दिसतात आणि बाबाही दिसतो. कारागीर विचारतो, ‘हो कोणाचेर गेला?’ चारही माणसं वर बघतात. बाबा मोबाइलकडे बघतो. त्या वयाच्या मुलाला यातून काय समजतं? की या प्रश्नाला उत्तर नाही. किंवा आहे, पण ते सांगण्यासारखं नाही.

तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या. पुढच्या वेळी मोबाइल खिशात ठेवा आणि म्हणा, ‘म्हजेर. नाक पळय.’ माझ्यावर, नाक बघ, एवढंच. हसून म्हणा, पण मोठ्याने म्हणा, मागच्या बाकापर्यंत पोचेल असं. लेक्चर नको, जनुकं नकोत. शाळेत मी कितीही फेऱ्या मारायला सांगितल्या तरी या तीन शब्दांची सर त्यांना येणार नाही, कारण हे बाप बोलतो आणि चारचौघांत बोलतो. ‘आम्हालाही चिडवायचे’ हे त्यांचं म्हणणं खरं असेल. पण त्यांना ज्यावरून चिडवायचे, जाडी म्हणा, गणितातले मार्क म्हणा, त्यात त्यांच्या आईवर कुणी बोट ठेवत नव्हतं.

म्हणजे मी आता ‘पाखलो’कडे आले. आपल्याकडे हा शब्द गोऱ्या पोर्तुगिजासाठी वापरत, आणि देशी घरातल्या गोऱ्या-घाऱ्या मुलाला तो चिकटवला की त्यात कुत्सितपणा असतो, आईकडे तिरका बघणारा. चौथीतल्या पोरांना हे ठाऊक नसतं. त्यांनी तो शब्द घरी, पारावर, कुणा मोठ्याच्या तोंडून उचललेला असतो. तुम्हाला जे झोंबतं ते मुलांचं नाही, त्या मोठ्यांचं आहे. ते झोंबणं खरं आहे, पण ते तुमचं आहे. ते मुलाच्या डोक्यावर येऊ देऊ नका. तो ‘पाखलो म्हणाले’ म्हणून सांगायला येतो तेव्हा तुमचा चेहरा पडत असेल, तर तो चेहरा तो वाचतो आणि पुढच्या वेळी सांगायचं बंद करतो.

त्याला सरळ सांगा. रात्री जेवताना, सगळे ताटावर असताना सांगा: ‘पाखले म्हणजे पोर्तुगीज. ते 1510 मध्ये गोव्यात आले आणि 1961 मध्ये गेले. तू आमचा. तुझे केस माझ्या आईच्या काकांसारखे आणि पप्पांच्या घरातल्याही कुणासारखे तरी.’ आणि एक गंमतही सांगा: खुद्द पोर्तुगालमध्ये बहुतेकांचे केस काळे नाहीतर गडद तपकिरी असतात. तांबड्या केसांचा पोर्तुगीज तिथंसुद्धा शोधावाच लागेल. म्हणजे चिडवणाऱ्यांचा इतिहासही कच्चा आणि भूगोलही.

त्याहून चांगलं म्हणजे एखाद्या रविवारी आजोळी जा. तुमच्या आईच्या पिढीतलं कुणी असेल, मावशीआजी, मामाआजोबा, त्यांच्यासमोर मुलाला बसवा आणि त्या काकांबद्दल विचारा. नुसत्या केसांबद्दल नको. ते काय करायचे, माडावर चढायचे की भजनात पेटी वाजवायचे, तापट होते की गप्पिष्ट, बाजाराला कसे जायचे. फोटो नाही तर नाही. आपल्यासारखे केस असलेला एक आख्खा माणूस होऊन गेला, त्याने लग्न केलं, शेती केली, जत्रेत नाटकात काम केलं, हे त्याला कळू दे. नेदरलँड्समध्ये 2005 पासून तांबड्या केसांच्या लोकांचा मेळावा भरतो, हजारो लोक जमतात. त्याचेही फोटो दाखवा, त्याला मजा वाटेल. पण डिचोलीच्या पोराला परदेशातल्या हजार तांबड्या डोक्यांपेक्षा आजोळच्या एका डोक्याचा आधार मोठा.

मात्र दुसऱ्या टोकाला जाऊ नका. ‘तुझे केस किती सुंदर, किती वेगळे, देवाने तुलाच दिले’ असं उठता-बसता म्हणू नका. त्याला वेगळं व्हायचंच नाहीये, त्याला बालरथात खिडकीशी बसायचंय. कौतुक करायचं तर त्याच्या पोहण्याचं करा, चित्राचं करा, त्याला जे येतं त्याचं करा. केस हा घरातला साधा विषय होऊ दे, डाव्या हाताने लिहिण्याइतका.

आता चिडवणाऱ्यांपुढे काय करायचं. ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला आपण सगळेच देतो, आणि एकटा दिला तर तो निकामी असतो. मान खाली घालून गप्प बसलेलं पोर दुर्लक्ष करत नसतं, सोसत असतं, आणि चिडवणाऱ्याला तो फरक लांबून दिसतो. उलट शिव्या, मारामारी, ‘तू काळा’ असलं उत्तर, याने खेळ रंगतो. त्याला एक छोटं वाक्य द्या, आणि ते कोंकणीत द्या. वर्गात मराठी असली तरी मैदानावर पोरं कोंकणीतच बोलतात. ‘हय, तांबडे. मागीर कितें?’ होय, तांबडे, मग काय, एवढं. आवाज सपाट, डोळे समोरच्याकडे, आणि बोलून झाल्यावर थांबायचं नाही. बॅट उचलायची, पाणी प्यायला जायचं, मित्राला हाक मारायची. उत्तराची वाट बघत उभा राहिला तर तो पुन्हा अडकला.

हे सांगून जमत नाही, तालीम लागते. घरी करा. पप्पांनी चिडवणाऱ्याचं काम घ्यावं, त्यांचाही थोडा हिशेब फिटेल. पहिल्यांदा मुलगा हसेल, मग रडवेला होईल, मग चिडेल. चार-पाच संध्याकाळी गेल्या की वाक्य तोंडात बसतं. आणि खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात चिडवणं कमी होत नाही, थोडं वाढतंच. जी कळ इतके दिवस दाबली की पोर उसळायचं, ती चालेनाशी झाली म्हणून समोरचे जोरात दाबून बघतात. हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी ‘तुझं काही उपयोगाचं नाही’ म्हणून परत येईल.

पण सगळा भार त्या नऊ वर्षांच्या जिवावर टाकू नका. चिडवणाऱ्या दोघा-तिघांमागे हसणारे दहा असतात, आणि खेळ त्या दहांसाठी चाललेला असतो. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ नावाचा शालेय कार्यक्रम 2009 पासून देशभर पसरला. त्याचा मुख्य भर बघ्यांवर आहे: हसणाऱ्यांनी हसणं थांबवलं, एकाने जरी पीडिताशेजारी जाऊन बसायचं ठरवलं, तरी चिडवणाऱ्याचं भांडवल संपतं. तुमच्या मुलाला एखादा मित्र असेलच. त्याला शनिवारी घरी बोलवा, खायला घाला, खेळू द्या. ‘तू याला सांभाळ’ असं ओझं त्याच्यावर घालू नका. फक्त बालरथात दोघं शेजारी बसतील असं बघा.

बालरथाचं जरा खुलाशाने सांगते, कारण माझ्या अनुभवात वर्गातल्यापेक्षा गाडीतच जास्त होतं. वर्गात बाई असतात. गाडीत ड्रायव्हरचे डोळे रस्त्यावर, आणि अटेंडंट दाराशी, लहानग्यांना चढवण्या-उतरवण्यात. मागची तीन बाकं म्हणजे वेगळंच राज्य. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगा की मागे बसून चिडवणाऱ्या मुलांना पुढे, अटेंडंटच्या नजरेसमोर बसवा. बहुतेक ठिकाणी उलट करतात, ज्याला त्रास होतो त्यालाच उचलून पुढे बसवतात, आणि सगळ्या गाडीला वाटतं याचंच काहीतरी चुकलं. तसं होऊ देऊ नका. गाडी चालवायची जबाबदारी शाळेकडे असते, त्यामुळे ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

शाळेत जाण्याआधी एका वहीत लिहून काढा: कोणत्या दिवशी, कुठे, कोण काय म्हणालं, शेजारी कोण होतं. मुलाची उलटतपासणी करून नको, तो आपणहून सांगेल तेवढंच. आधी वर्गशिक्षिकेला भेटा, एकट्या, शाळा सुटल्यावर. आणि हात जोडून सांगा की प्रार्थनेच्या वेळी किंवा वर्गात त्याला उभं करून ‘कुणाला रंगावरून चिडवू नये’ असा उपदेश करू नका. त्यानंतर मधल्या सुट्टीत काय होतं ते शिक्षकांना दिसत नाही. चिडवणाऱ्यांशी एकेकट्याने बोलावं. चिडवणाऱ्यांच्या आयांना मात्र तुम्ही फोन करू नका. छोट्या गावात ते प्रकरण चतुर्थीपर्यंत पुरतं.

पीटीच्या सरांचंही लगेच उरका. ते मायेने म्हणत असतील, मला शंका नाही. पण मोठ्या माणसाने मैदानावर शिट्टी वाजवून ‘ए फॉरेनर’ म्हटलं की बाकीच्यांना परवाना मिळतो. त्यांना भेटून एवढंच म्हणा: ‘सर, तुम्ही प्रेमाने म्हणता, मला माहीत आहे. पण बालरथात मुलं तीच हाक मारून त्याला रडवतात. तुम्ही त्याला नावाने हाक मारा.’ दहातले नऊ शिक्षक तिथल्या तिथे ओशाळतात आणि थांबतात. नाहीच थांबले तर मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, एक प्रत शिक्का मारून स्वतःकडे ठेवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमात मुलाला शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळाचीही मनाई आहे, आणि गोव्याचा स्वतःचा बाल कायदा 2003 पासून आहे. कायद्याचं नाव पहिल्या भेटीत काढायची गरज नसते. तुम्हाला ते ठाऊक असलं म्हणजे बोलताना आवाज कापत नाही.

वाड्यावरची पोरं वेगळी. तिथं मुख्याध्यापक नाहीत. नरकासुराची वर्गणी काढणारा, त्यांच्यातला सगळ्यांत मोठा मुलगा कोण ते तुम्हाला माहीत असेल. त्याच्याशी तुमच्या यजमानांनी बोलावं, दम देऊन नव्हे, बाजूला घेऊन. ते फोटो कुठल्या ग्रुपवर गेले असतील तर काढायला सांगावेत. आणि पुढच्या दिवाळीत नरकासूर बांधायला याला बोलवा म्हणावं, बांबू धरायला, कागद चिकटवायला. मोठ्या मुलाला जबाबदारी दिली की तो पुष्कळदा ती निभावतो. शेजारी उभं राहून मापं द्यायला मात्र तुमचा मुलगा येणार नाही.

नाटुकल्याचा पेच मला गमतीचाही वाटला आणि वाईटही. बाईंनी दुष्टाव्याने केलेलं नाही. चौथीच्या वर्गात पंचवीस मुलांना कामं वाटताना जे हाताशी दिसलं ते घेतलं. पण ज्या शब्दाने मूल रडतं तोच वेष त्याला सगळ्या गावासमोर घालायला लावायचा, आणि तोही मुक्तिदिनाला, हे बरोबर नाही. तुम्ही परस्पर नकार देऊ नका. आधी मुलाला विचारा, ‘तुला ते काम आवडतंय का?’ काही मुलांना खलनायक मनापासून आवडतो: बूट, बंदूक, ओरडायला मिळतं. त्याला आवडत असेल तर करू द्या, फक्त ‘विग लागणार नाही’ हे वाक्य परत कुणी उच्चारू नये एवढं बाईंना सांगा, आणि इतर शिपायांसारखीच याच्याही डोक्यावर टोपी असावी. त्याला नको असेल तर बाईंना म्हणा, याला सत्याग्रहींमध्ये घ्या. 18 जून 1946 च्या मडगावच्या सभेतला, राममनोहर लोहियांच्या मागे उभा राहून घोषणा देणारा गोंयकार याच्यासारखा दिसत नसेल असं कुठं लिहिलंय? तांबड्या केसांचा सत्याग्रही एकदा रंगमंचावरून ‘जय हिंद’ ओरडला की प्रेक्षकांतल्या काही काकांची पंचाईत होईल. होऊ दे.

एक काम डॉक्टरकडचं. चट्टा बरा झाला तरी एकदा बांबोळीला, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचा विभागात दाखवून या, आणि त्याच फेरीत डोळेही तपासून घ्या. मघाशी मी अल्बिनिझमच्या ज्या प्रकारांबद्दल लिहिलं, त्यांत कधी कधी नजर कमी असते, उजेड सहन होत नाही, बुबुळं हलकी थरथरतात. मुलगा उन्हात डोळे फार बारीक करतो का, फळ्यावरचं लिहून घ्यायला शेजारच्याची वही बघतो का, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तसं काही नसलं तर उत्तम. जन्मापासून असे केस आहेत आणि मुलगा व्यवस्थित वाढतोय, म्हणून घाबरण्यासारखं दिसत नाही. काळे केस मधूनच तांबूस, रुक्ष, विरळ व्हायला लागले तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा आहारात प्रथिनं कमी पडतायत का ते बघावं लागतं.

तांबड्या केसांबरोबरची गोरी कातडी ऊन लवकर पकडते, आणि नाकावरचे ते ठिपके तेच सांगतात. दुपारच्या उन्हात खेळताना टोपी, लांब बाह्या, नाका-कानांना सनस्क्रीन. फक्त टोपी उन्हासाठी आहे हे त्याला स्पष्ट सांगा. सावलीत, वर्गात, देवळात ती उतरली पाहिजे. उतरत नसेल तर ती केस लपवायला वापरतोय असं समजा.

‘शाळेत जाणार नाही’ हे तो रागाने एकदा म्हणाला असेल तर ठीक. पण रोज सकाळी पोट दुखायला लागलं, डबा न खाता परत यायला लागला, झोपेत ओरडू किंवा अंथरूण ओलं करू लागला, किंवा ‘मी नसतो तर बरं’ अशा अर्थाचं काही बोलला, तर थांबू नका. बांबोळीलाच मानसोपचार संस्था आहे, ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मुलांसाठीची 1098 हेल्पलाइन आहे. शाळा हायस्कूलला जोडलेली असेल तर तिथे समुपदेशक येतात का तेही विचारा.

राहिला शाळा बदलण्याचा प्रश्न. आता मध्येच नको. नवीन शाळेत पहिल्याच दिवशी ‘मेंदी’ हे नाव कुणीतरी पाडणारच, आणि त्याच्या हाती अजून वाक्य नसेल. शिवाय चौथी संपली की पाचवीला तो हायस्कुलात जाईलच, तिथं चार गावांची पोरं एकत्र येतात. हे वर्ष तुम्हाला तालमीला मिळालंय असं धरा. पाचवीचा प्रवेश घ्याल तेव्हा नवे वर्गशिक्षक कोण ते आधी विचारून, सुट्टीतच एकदा त्यांना भेटून या, मुलाला बरोबर घेऊन, टोपीशिवाय. आणि आत्ताचा तो शेजारचा मित्र त्याच हायस्कुलात जाणार असेल, तर दोघं एकाच तुकडीत पडावेत म्हणून अर्ज करा. असे अर्ज बहुतेक शाळा ऐकतात, फक्त ते याद्या लागण्याआधी करावे लागतात.

तुमची,
ताई